रमाबाई, नियमांची यादी आणि कृपासदनाचं दार

हा आपल्या नव्या एपिसोडचा लेखी मजकूर. हार्बर लाईनच्या गर्दीत ऐकायला जमत नाही, अशी तक्रार बरेच जण करतात, म्हणून हा खटाटोप. मानखुर्दला उघडलात तर पनवेल यायच्या आत आरामात वाचून होईल. बोलल्यासारखंच लिहिलंय, भाषा थोडी सैल आहे, सांभाळून घ्या.

आजचा विषय ऐकायला जड आहे. ख्रिस्ती माणसाच्या आयुष्यात कृपा मोठी की नियम? तुम्ही ख्रिस्ती नसाल तर लगेच पुढच्या एपिसोडवर जाऊ नका. कारण ज्या बाईंची गोष्ट मी सांगणार आहे, त्यांना हा प्रश्न आधी हिंदू घरात पडला, मग इंग्लंडच्या चर्चमध्ये पडला आणि शेवटी स्वतःच्या मनात पडला. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांच्याबद्दल चार ओळी वाचल्या आणि पुढच्या धड्याकडे गेलो. पण माझ्यावर रमाबाईंकडे परत जायची वेळ एका लाजिरवाण्या गोष्टीमुळे आली. ती आधी सांगते.

आधी माझी चूक

मी वाशीत राहते, बीटेक केलंय, सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमचं घर मूळचं नगरकडचं, मराठी ख्रिस्ती. तीन वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतल्या तरुण मुलामुलींनी ठरवलं की वर्षभरात पूर्ण बायबल वाचायचं. आता ग्रुपमध्ये इंजिनिअर असली की काय होतं तुम्हाला माहितीये. मी म्हणाले, थांबा, मी सिस्टिम बनवते.

एक फॉर्म, एक शीट आणि एक छोटा बॉट. रोज रात्री दहा वाजता व्हॉट्सअॅप ग्रुपवर यादी पडायची. ज्याने वाचलं त्याच्या नावापुढे हिरवी खूण, ज्याने नाही वाचलं त्याच्यापुढे लाल. सलग किती दिवस वाचलं त्याचा आकडा, म्हणजे स्ट्रीक. एक दिवस चुकला की आकडा शून्य. पहिले दोन महिने धमाल आली. लोक रात्री पावणेदहाला घाईघाईत अध्याय उरकायचे. मला वाटलं, वा, काय आत्मिक वाढ चाललीये!

तिसऱ्या महिन्यात ग्रुपमधल्या एका मुलीची आई हॉस्पिटलमध्ये दाखल झाली. अकरा दिवस त्या मुलीच्या नावापुढे लाल खूण पडत राहिली. बाराव्या दिवशी ती ग्रुपमधून निघून गेली. मला ते कळलं कसं माहितीये? यादीत एक नाव कमी आलं म्हणून माझ्या बॉटने एरर दिला.

मी फोन केला. ती चिडली नव्हती. म्हणाली, "ताई, रोज दहाला लाल दिसायचं. आधी म्यूट केलं, मग म्हटलं जाऊच दे." आई घरी आली होती. मंडळीतल्या कोणालाच, मला धरून, ती आजारी होती हेच माहीत नव्हतं. रोज तिचं नाव वाचत होतो आम्ही सगळे.

मी बॉट बंद केला. नगरला आजीला हे सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "अगं, हजेरी शाळेत घेतात."

दोन हजार वर्षं जुना वाद

माझ्या बॉटने जो घोळ घातला तो काही नवा नाही. पहिल्या शतकात, ख्रिस्ती मंडळ्या नुकत्याच तयार होत होत्या, तेव्हाच यावर मोठं भांडण झालं. येशूचे पहिले शिष्य यहुदी होते. मग यहुदी नसलेले लोक येऊ लागले. प्रश्न आला, यांनी आधी सुंता करायची का? खाण्यापिण्याचे यहुदी नियम पाळायचे का? म्हणजे नियमशास्त्र पूर्ण करून मगच आत यायचं, की आधी आत यायचं?

पौलाचं म्हणणं होतं की दार विश्वासाने उघडतं, आणि ते उघडतो देव, फुकट. यालाच कृपा म्हणायचं. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की अंत्युखियाला पेत्र आधी परजातीयांबरोबर एका पंगतीला बसत होता, पण काही कडक मंडळी आल्यावर मागे सरकला, आणि पौलाने त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. बघा, ख्रिस्ती धर्मातलं हे पहिल्या काही भांडणांपैकी एक, आणि ते कशावरून? कोण कोणाबरोबर जेवणार यावरून. महाराष्ट्रातल्या माणसाला हे समजवून सांगायला लागत नाही.

पुढे हाच वाद पुन्हा पुन्हा आला. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने याच पत्रावर व्याख्यानं दिली आणि युरोपातलं चर्च दुभंगलं. पण आपण युरोपात फार वेळ नको थांबूया. हाच वाद एका मराठी बाईंच्या आयुष्यात कसा घडला ते बघू.

पहिली यादी: घरातली

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलात. वडील अनंतशास्त्री डोंगरे, चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे मोठे विद्वान. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, आणि त्या काळी हे इतकं आक्षेपार्ह होतं की पंडितांसमोर त्यांना शास्त्राचे दाखले देऊन स्वतःचा बचाव करावा लागला. आई लक्ष्मीबाईंनी मग रमाबाईंना शिकवलं.

म्हणजे घर बंडखोर होतं, पण कर्मठही होतं. हे दोन्ही एकत्र असू शकतं. कुटुंब वर्षानुवर्षं तीर्थयात्रा करत फिरलं, हजारो मैल, पायी. पुराणं सांगायची, उपास करायचे, पवित्र नद्यांत स्नान करायचं, मिळालेलं धन ब्राह्मणांना दान करायचं. शास्त्रात सांगितलेलं सगळं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात हे घर अक्षरशः उपाशी मेलं. आधी वडील, मग आई, मग बहीण. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास.

रमाबाईंनी १९०७ मध्ये आपली साक्ष लिहिली, त्यात हा काळ आहे. वाचताना मला एक गोष्ट जाणवली. नियमांची यादी पूर्ण केली की फळ मिळणार, असा करार असतो. फळ नाही मिळालं तर करार खोटा ठरत नाही, तुमच्याच पाळण्यात काहीतरी कमी पडलं असं ठरतं. विधी चुकला असेल, श्रद्धा कमी पडली असेल. आमच्या भाषेत सांगायचं तर बग नेहमी वापरणाऱ्यातच सापडतो, सिस्टिममध्ये कधीच नाही. या बहीणभावाचा त्या करारावरचा विश्वास हळूहळू उडाला.

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे तिथेच त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ मुळातून वाचले. साक्षीत त्या लिहितात, त्याचा आशय असा: या ग्रंथांचं आपसात बहुतेक गोष्टींवर जमत नव्हतं, पण बायका आणि शूद्र यांना मोक्षाचा सरळ रस्ता नाही, यावर मात्र एकमत होतं. म्हणजे जिच्या विद्वत्तेचा सत्कार झाला, तिलाच त्या विद्येने सांगितलं की तुझं नाव यादीत नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर हा एपिसोड 'हिंदू म्हणजे नियम, ख्रिस्ती म्हणजे कृपा' असा ऐकला जाईल, आणि ते खोटं आहे. कर्मकांडापेक्षा देवाचं प्रेम मोठं, हे आपल्या मातीत वारकरी संतांनी शतकानुशतकं सांगितलंय. आणि त्याच पंढरपुरात चोखोबांची समाधी देवळाच्या आत नाही, महाद्वारासमोर आहे. कृपेचं गाणं आणि बंद दार, दोन्ही एकाच गावात. आणि हे फक्त पंढरपुरात घडत नाही. वाँटेजमध्येही घडलं. तिकडेच चाललोय.

दुसरी यादी: चर्चची

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. ते ब्राह्मण नव्हते. १८८२ च्या फेब्रुवारीत ते कॉलऱ्याने गेले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा, कडेवर मनोरमा. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं, आणि १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे ते शिक्षण राहून गेलं.

वाँटेज नावाच्या छोट्या गावात अँग्लिकन सिस्टर्सच्या मठात त्या राहिल्या. या सिस्टर्सनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला नेलं. तिथे वेश्याव्यवसायातून बाहेर आलेल्या, समाजाने 'बिघडलेल्या' ठरवलेल्या बायकांसाठी एक घर होतं. रमाबाईंना आश्चर्य वाटलं. आपल्याकडे अशा बाईला कोणी उंबऱ्याला उभं करत नाही, आणि इथे या बायका त्यांची सेवा का करतात? तेव्हा एका सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली. विहिरीवर पाणी भरायला आलेली, पाच नवरे झालेली, परक्या जातीची बाई, आणि येशू तिच्याकडे पाणी मागतो. तिने आधी काय सुधारायचं याची यादी देत नाही. २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

सिनेमा असता तर इथे संपला असता. पण खरी मजा पुढे आहे, १८८५ च्या पत्रांमध्ये. रमाबाई तेव्हा चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजमध्ये शिकत आणि शिकवत होत्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या शिक्षिका, आईसारख्याच. आणि दोघींचं जोरदार वाजलं.

कशावरून? गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंनी विचारलं, लॅटिनच का? माझ्या देशातल्या कोणाला ते कळणार? आमची संस्कृत काय कमी पवित्र आहे? मग खाणं. रमाबाई मांस खात नव्हत्या. सिस्टरना वाटलं, हा जातीचा अभिमान शिल्लक आहे. मग शिकवणं. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं असा विचार निघाला, तर भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली, की याने बाईंची मायदेशी पत जाईल. भर सभेत पंडितांना उत्तरं दिलेल्या बाईंना हे सांगितलं जात होतं! आणि सगळ्यात मोठा मुद्दा, चर्चची प्रत्येक शिकवण जशीच्या तशी मान्य करायची की नाही. रमाबाई त्रैक्यासारख्या विषयावर प्रश्न विचारायच्या, बायबलमध्ये कुठे आहे ते दाखवा म्हणायच्या.

त्यांचं उत्तर थोडक्यात असं होतं: भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने सुटले आहे, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही. बिशपला आणि कॅननला मान देईन, पण देव आणि माझ्यामध्ये त्यांना उभं करणार नाही.

यात एक गंमत आहे, ती सुटू देऊ नका. खाण्याच्या मुद्द्यावर नियम धरून बसल्या होत्या त्या रमाबाई, आणि मोकळं हो म्हणत होत्या त्या सिस्टर. मग कर्मठ कोण? मी यावर बराच विचार केला. रमाबाई शाकाहार पाळत होत्या, पण त्यामुळे मी देवाला जवळची आहे असं म्हणत नव्हत्या, दुसऱ्याने पाळावं असंही नाही. ती त्यांची सवय होती, आपल्या माणसांशी असलेलं नातं होतं. सिस्टरना मात्र तो शाकाहार सुटणं हे खऱ्या विश्वासाचं लक्षण वाटत होतं. म्हणजे 'खाऊ नको' हा जसा कायदा होऊ शकतो, तसा 'खाच' हाही होऊ शकतो. प्रश्न ताटात काय आहे हा नाहीये. त्या ताटावरून माणसाची किंमत कोण ठरवतंय, हा आहे.

सिस्टर जेराल्डिनना खलनायिका करू नका, बरं का. रमाबाई मनोरमेच्या नात्याने त्यांना 'आजीबाई' म्हणायच्या, आणि मनोरमेचं बरंचसं बालपण त्यांच्याकडेच गेलं. स्वतःच्या विरोधातली ही सगळी पत्रं त्यांनीच जपून ठेवली, क्रमाने लावली. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती पुस्तकरूपात छापली, म्हणून आज मला आणि तुम्हाला हे भांडण वाचता येतंय. प्रेम करणारी माणसंसुद्धा याद्या करतात. मीही केलीच की.

तिसरी यादी: स्वतःची

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या, तिथे राहिल्या, बालविधवांच्या स्थितीवर पुस्तक लिहिलं, मदत उभी केली. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्याला गेलं. पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई जोशी, याच पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आपल्या सगळ्यांना माहीत असलेल्या बाया कर्वे झाल्या.

बाहेरून सगळं छान चाललं होतं. पण १८९१ च्या सुमारास, बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर, रमाबाईंना एक गोष्ट उमगली. साक्षीत त्यांनी ती फार स्पष्ट लिहिली आहे. आशय असा, की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता.

त्यांच्या हातात त्या वेळी विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र होतं. या हॅस्लमची गोष्ट अजब आहे. चर्चच्या विधींबद्दल फार काटेकोर माणूस. एका रविवारी व्यासपीठावर उभा राहून उपदेश करत असताना त्याला स्वतःलाच कळलं की मी जे सांगतोय ते माझ्याकडे नाहीच. स्वतःच्याच उपदेशाने त्याचं परिवर्तन झालं. रमाबाईंना त्यात आपलं चित्र दिसलं. त्यांनी दोन याद्या नाकारल्या होत्या, शास्त्रांची आणि चर्चची. पण विचार करून, पुरावे तपासून, बरोबर मत धरणं, ही त्यांची स्वतःची यादी झाली होती. बुद्धीने सगळं पास, तरी मनाला स्वस्थता नाही. आता त्यांनी हिशेब सोडला आणि जे दिलं जातंय ते घेतलं.

मला हा भाग सगळ्यात जास्त लागला. कारण मी बॉट बंद केल्यावर मनात म्हणत होते, बघा, मी किती लवकर चूक ओळखली! म्हणजे माझ्या नावापुढे परत हिरवी खूण.

कृपासदन

आता कृपा दिसते कशी? ती भावना म्हणून सांगता येते, पण इतिहासात काहीतरी हाताला लागायला हवं. रमाबाईंच्या बाबतीत लागतं.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या. उपासमार त्यांनी लहानपणी पाहिली होती, त्यामुळे भुकेल्या मुलींच्या चेहऱ्यात त्यांना काय दिसलं असेल ते वेगळं सांगायला नको. त्यांनी शेकडो मुली आणि बायका आणल्या. पुण्यात प्लेग होता, तिथे ठेवता येईना, म्हणून दौंडच्या अलीकडे केडगावला, शारदा सदनासाठी घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांना ठेवलं. तिथे 'मुक्ती' उभं राहिलं. १९०० च्या सुमारास तिथे दीड हजारांच्या आसपास माणसं होती. अंध स्त्रियांसाठी ब्रेलचे वर्ग होते. म्हाताऱ्या, आजारी बायकांसाठी सोय होती. आणि ज्यांच्यावर अत्याचार झालेत, ज्यांना समाजाने 'पतित' म्हटलं, अशा बायकांसाठी एक वेगळं घर होतं. त्या घराचं नाव रमाबाईंनी ठेवलं, कृपासदन.

फुलहॅमला पाहिलेलं घर केडगावच्या माळावर आलं. कृपा हा शब्द आमच्या मंडळीत मी हजार वेळा गाण्यांत म्हटलाय. पण कोणीतरी तो एका घराच्या दारावर लिहिला, आणि ज्या बाईला कुठल्याच यादीत जागा नाही तिला आत घेतलं, हे कळल्यावर तो शब्द मला पहिल्यांदा जड लागला.

आता अवघड बाजू. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असं ठरलं होतं. मुलींनी आपापले आचार पाळायची मोकळीक होती. पण रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेबरोबर बायबल वाचायच्या, प्रार्थना करायच्या, दार उघडं ठेवून, आणि काही मुली येऊन बसायच्या. १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखे मित्र सल्लागार मंडळातून बाहेर पडले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई म्हणाल्या, मी दार बंद करणार नाही. मुक्तीमध्ये तर तटस्थतेचा प्रश्नच नव्हता, ती उघड ख्रिस्ती संस्था होती.

विरोधकांचा प्रश्न खोटा नव्हता. ज्या हाताने भाकरी मिळते त्याच हाताने प्रार्थना मिळत असेल, तर उपाशी मुलगी 'नको' म्हणायला खरंच मोकळी असते का? मी ख्रिस्ती आहे म्हणून हा प्रश्न मला टाळायचा नाहीये. उलट, कृपा फुकट असते असं आपण म्हणतो, तर हा प्रश्न सगळ्यात आधी आपणच विचारायला हवा. माझ्यापुरतं मला इतकंच दिसतं, की कृपासदनात येणारीला दारात कोणी 'आधी सुधार, मग ये' असं म्हटलं नाही, आणि त्या काळात तिच्यासाठी दुसरी दारं फारशी उघडी नव्हती.

मग नियम नकोतच का?

बॉट बंद केल्यावर ग्रुपमधल्या दोघातिघांनी मला सांगितलं, "तू यादी बंद केलीस आणि आमचं वाचन पण बंद झालं." खरं होतं ते. माझंही बंद झालं होतं.

आणि मुक्तीमध्ये काय मनमानी कारभार नव्हता. घंटा होती, कामाच्या वेळा होत्या. तेलाचा घाणा, विणकाम, शेती, छापखाना. रमाबाई शिस्तीच्या कडक होत्या. एवढी माणसं घंटेशिवाय जेवूही शकली नसती. म्हणजे नियम होतेच. फरक क्रमाचा होता. आमच्या क्षेत्रातलंच उदाहरण देते. काही अटी लॉगिनच्या आधी असतात, त्या पूर्ण नाही केल्या तर आत येता येत नाही. काही नियम आत आल्यावरचे असतात, घरातले. केडगावला बाई आधी आत यायची, जेवायची, झोपायची, आणि मग कधीतरी तिला घंटा ऐकू यायची. घंटा चुकली म्हणून ती त्या घरातली उरत नाही, असं नव्हतं. माझ्या बॉटमध्ये घंटाच घर झाली होती.

रमाबाईंनी शेवटची बरीच वर्षं एका कामाला दिली, बायबलचं मराठी भाषांतर. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. त्यांचा हट्ट होता की भाषा सोपी हवी, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळेल अशी. जरा आठवा, १८८५ मध्ये याच बाई लॅटिनच्या विरोधात संस्कृतची बाजू घेऊन भांडत होत्या. 'सरस्वती' पदवी मिळवलेल्या पंडितेने शेवटी स्वतःची संस्कृतही बाजूला ठेवली, कारण तीसुद्धा कोणासाठी तरी दारातली अट झाली असती. मुक्तीतल्या बायकांनीच हे बायबल छापायचं काम केलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

आमच्या ग्रुपचं काय झालं, असं तुम्ही विचारालच. सहा महिने काहीच झालं नाही. मग आम्ही गुरुवारी संध्याकाळी सेक्टर १५ मध्ये एकाच्या घरी भेटायला लागलो. आधी चहा, कोणाचं काय चाललंय ते, मग एक अध्याय, मोठ्याने, आळीपाळीने. वर्षभरात पूर्ण बायबल काही होणार नाही, आम्ही अजून योहानातच आहोत. कोणी आलं नाही तर शेजारी बसणारा फोन करतो, आणि फोनवर वाचनाबद्दल बोलायचं नाही, एवढा एकच नियम आहे. तो मीच सुचवला, त्यामुळे मोडते पण मीच.

ती मुलगी कधी येते, कधी येत नाही. मागच्या महिन्यात आली होती, आईला घेऊन. काकूंना जिना चढायला वेळ लागला, तर सगळे खाली जाऊन थांबलो. त्या दिवशी अध्याय राहूनच गेला.

चला, पुढच्या एपिसोडमध्ये नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाईंकडे जाऊया. तुमच्या घरात, मंडळीत, देवळात, मशिदीत, ऑफिसात असली एखादी यादी असेल, आणि तिच्यामुळे एखादं नाव गळलं असेल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. त्याआधी त्या माणसाला फोन करा. भेटू लवकरच. सलाम!